दाढेपुरतं तत्त्वज्ञान

सरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी त्यांना 'कशावरून?' असं विचारावं.

मागणी फार मोठी नव्हती. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. माणसानं आजवर जेवढे म्हणून गहन विचार केले, ते सगळे त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे मांडले आणि मुलांनी ते निमूटपणे मान्य केले. जग खरं आहे म्हटलं की मुलं मान डोलवत. दुसऱ्या दिवशी जग खोटं आहे म्हटलं तरी तेवढीच डोलवत. एकदा मागच्या बाकावरून एक हात वर झाला, तेव्हा आनंदानं सरांच्या हातातला खडू गळून पडला होता.

"बोल, बोल!" सर म्हणाले.

"सर, पंखा जरा कमी करू?"

सरांनी त्या प्रश्नाचाही पुष्कळ दिवस विचार केला, पण त्यात काही सापडलं नाही.

घरात मात्र 'कशावरून' भरपूर चालायचं. पण ते सरांकडून.

"दूध नासलंय," काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या.

"कशावरून?"

"वासावरून."

"वास तुला येतो. तो दुधातच आहे, तुझ्या नाकात नाही, हे कशावरून?"

नोकरी होती तोवर हे सकाळी आणि संध्याकाळी व्हायचं. निवृत्तीनंतर दिवसभर व्हायला लागलं. काकूंनी एका सकाळी लेकीला फोन लावला. "तुझ्या बाबांना दवाखान्यात घेऊन जा."

"काय झालंय त्यांना?"

"त्यांना काय होतंय! मला होईल. तुझ्याकडे बसव कुठेतरी कोपऱ्यात." मग फोन ठेवून त्या सरांना म्हणाल्या, "जा. आणि तुम्हालाही कुणीतरी भेटू दे हेच विचारणारं. मग कळेल."

"भेटेल हे कशावरून?" सरांनी विचारलं आणि चपला घातल्या.

लेक दातांची डॉक्टर होती. दवाखाना पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत रेक्झिनची दोन बाकं, भिंतीवर हसऱ्या दातांचं चित्र आणि काउंटरमागे मावशी. मावशी कुणाचीच मावशी नव्हती, पण तिच्या परवानगीशिवाय आत कुणाचा दातही दुखू शकत नसे. आतल्या खोलीत खुर्ची, खुर्चीवर लोखंडी दांड्याचा गोल दिवा, आणि खिडकीत प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले.

तर तिथं एक अडचण होती. बधिर व्हायचं इंजेक्शन दिलं की ते चढेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात घाबरट पेशंट खुर्चीतून उठून जायचे. एक जण तर गळ्यातल्या कागदी रुमालासकट बसस्टॉपपर्यंत पोचला होता. लेकीनं सरांना खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि बजावलं, "बाबा, फक्त सोबत करायची. हवापाण्याच्या गप्पा मारा. तुमचं ते काढायचं नाही."

पहिला पेशंट शिंपी होता. खालची दाढ किडलेली. इंजेक्शन देऊन लेक हात धुवायला वळली.

"हवापाण्याचंच बोलायचं तर," सर म्हणाले, "फार पूर्वी एका विचारवंतानं सांगितलं की हे सगळं जग पाण्याचं बनलंय. लगेच दुसरा उठला. म्हणाला, छे, हवेचं."

शिंप्याच्या गालाखाली कापसाचा बोळा होता, ओठात लाळ ओढणारी नळी होती. तो म्हणाला, "आँ."

सरांनी आयुष्यभर वर्गात जांभया पाहिल्या होत्या. तोंड तितकंच उघडं असूनही माणूस जागा आहे, हे दृश्य त्यांना नवं होतं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. शिंप्याच्या दाढेला ड्रिल लागेपर्यंत ते पाण्यावरून हवेवर, हवेवरून संशयावर आले होते. "मग एक माणूस निघाला, तो सगळ्यावरच संशय घ्यायला लागला. ही भिंत आहे कशावरून? हा हात माझाच कशावरून? आणि असा संशय घेता घेता शेवटी त्याला एक गोष्ट सापडली, जिच्यावर संशय घेताच येईना. ती म्हणजे—"

"झालं. चूळ भरा," लेक म्हणाली.

शिंप्यानं चूळ भरली आणि तो गेला. पण दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच जिन्यात बसला होता.

"दुखतंय का?" मावशीनं विचारलं.

"दुखत नाही हो. तेच तर. पुढचं काय सापडलं त्या माणसाला? रात्रभर... जाऊ दे. शेजारची दाढ बघता का जरा? तीही मला नीट वाटत नाही."

मावशीनं आत येऊन सांगितलं. लेकीला वाटलं, बाबा खूश होतील.

"'पुढं काय झालं' हा गोष्ट ऐकणाऱ्याचा प्रश्न आहे," सर म्हणाले. "मला 'कशावरून' हवं आहे. पण येईल. नवीन आहेत. पाठवा त्याला आत."

आणि लोक यायला लागले.

दातांचं आणि विचारांचं प्रमाण हळूहळू आपोआप ठरून गेलं. नुसते दात साफ करून घेणाऱ्याला प्रस्तावना मिळे. सिमेंट भरायचं असेल तर एक विचारवंत, तोही अर्धा. रूट कॅनलवाल्याला दोन-तीन बैठका मिळत, म्हणून त्याला एक संपूर्ण ग्रंथ खंडनमंडनासह. पूर्ण कवळी बसवून घेणाऱ्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांना आरंभापासून आजपर्यंतचं सगळं मिळालं, आणि गावात त्यांच्याकडे लोक आदरानं पाहू लागले.

शिवाय खुर्चीचाही एक नियम होता. वरचा दात असेल तर खुर्ची पार मागे झोपवावी लागते, पेशंटला छत आणि दिवाच दिसतो. अशांना सर आदर्शांचं, प्रकाशाचं, पलीकडल्या जगाचं सांगत. खालचा दात असेल तर खुर्ची थोडी उभी, पेशंटला आपले बूट दिसतात. त्यांना मातीतले, देहातले, डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणारे विचारवंत मिळत. महिनाभरात गावात दोन तट पडले. वरच्या जबड्याचे आणि खालच्या जबड्याचे. सलूनवाला वरचा, शिंपी खालचा. दोघांची दुकानं समोरासमोर.

"दिसतं ते सगळं सावली आहे," सलूनवाला गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून म्हणायचा.

"मग सावलीचेच केस काप ना!" शिंपी समोरून ओरडायचा. "गिऱ्हाइकाला कशाला त्रास देतोस?"

"तुला नाही कळायचं. तुझा वरचा एकही दात किडलेला नाही."

हा टोमणा शिंप्याला लागला. त्यानं दात घासणं सोडलं.

त्याच्या पाठोपाठ बऱ्याच जणांनी सोडलं. शाळेतल्या पीटीच्या बाई, ज्यांचे दात जाहिरातीत शोभले असते, त्या दोनदा तपासून घेऊन हिरमुसल्या होऊन परत गेल्या होत्या. तिसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा बाकावर बसून टॉफी चघळत होत्या. एक नव्हे, दोन्ही गालांत.

"बाई, हे काय?" मावशीनं विचारलं.

"तयारी," पीटीच्या बाई म्हणाल्या.

लेकीनं बाहेर येऊन पाहिलं तर सगळं बाकच्या बाक चघळत होतं. तिनं सगळ्यांच्या टॉफ्या काढून घेतल्या, काउंटरवरच्या काचेच्या बरणीत टाकल्या आणि दार लावून सरांपुढे उभी राहिली.

"बाबा, हे बंद."

"का?"

"मी दात वाचवायला शिकले. तुमच्यामुळे गावात दात किडवायची चढाओढ लागलीय. त्या सलूनवाल्यानं मला काल विचारलं, सगळे वरचे दात एकदम काढले तर सवलतीत तो मोठा जर्मन विचारवंत मिळेल का!"

"तू काय सांगितलंस?"

"बाबा!"

सर हळूच म्हणाले, "अगं, पण अजून कुणी विचारलं नाही."

लेकीला तो चेहरा ठाऊक होता. लहानपणी ती शाळेतून आली की हे उंबऱ्यात उभे राहून विचारायचे, 'आज काय शिकलीस?' आणि मग त्या शिकलेल्याला 'कशावरून'. ती रडायची. त्यांना वाटायचं, पोरगी विचार करतेय. ती पुढे होऊन स्टुलावर बसली.

"बाबा, विचारतील कसे? तोंडात माझे दोन हात, एक नळी आणि आरसा. तुम्ही इतके हुशार, एवढं लक्षात येऊ नये? असं करू. शनिवारी दवाखाना बंद असतो. बाहेरच्या खोलीत वर्ग घ्या. दात घासून येईल त्यालाच प्रवेश. तोंडं मोकळी. मग बघा कसे विचारतात ते."

सरांनी शनिवारसाठी नवा शर्ट शिवायला टाकला. शिंप्यानं माप घेताना पुष्कळदा 'आँ' केलं.

शनिवारी सगळे आले. दारात मावशीनं प्रत्येकाचा श्वास हुंगून आत सोडलं. दोन बाकं कमी पडली, काही जण जमिनीवर बसले. वरच्या जबड्याचे भिंतीच्या बाजूला, खालच्या जबड्याचे दाराच्या बाजूला. सर मधे उभे राहिले. घसा साफ केला आणि सोप्यापासून सुरुवात केली.

"आज आपण विचार करू की माणसानं चांगलं का वागावं."

खोलीतल्या सगळ्यांनी माना मागे टाकल्या आणि तोंडं उघडली.

सर थांबले. "तोंड मिटलं तरी चालेल," ते म्हणाले.

काहींनी मिटली. पण मिटली की त्यांच्या चेहऱ्यावर एकदम गोंधळ दिसू लागला, जणू अंधारात कुणी दिवा मालवावा. पीटीच्या बाई म्हणाल्या, "सर, मिटलं की डोक्यात जात नाही हो." आणि त्यांनी परत तोंड उघडलं. कवळीवाल्या स्टेशनमास्तरांनी तर कवळी काढून हातात धरली. ते शिकले तेव्हा ती तोंडात नव्हती.

सरांनी तासभर शिकवलं. चांगलं वागणं सुखासाठी असतं म्हणाले, मग कर्तव्यासाठी असतं म्हणाले, मग चांगलं असं काही नसतंच म्हणाले. मुद्दाम चुका केल्या. एका विचारवंताच्या तोंडी त्याच्या शत्रूचं मत घातलं. "काही शंका?" त्यांनी शेवटी विचारलं.

"आँ," खोली म्हणाली.

सगळे गेल्यावर सर काउंटरमागे मावशीच्या खुर्चीत बसून राहिले. समोर जप्तीच्या टॉफ्यांची बरणी होती. एक खाल्ली. मग दुसरी. लेक कुलूप घेऊन आली तोवर बरणीचा तळ दिसायला लागला होता आणि सरांचा हात गालावर होता. खालच्या दाढेतलं जुनं सिमेंट चिकट टॉफीबरोबर निघून आलं होतं. अक्कलदाढ असती तर त्यावर चार विनोद तरी झाले असते. पण ती शेजारची होती.

"सोमवारी पहिला नंबर तुमचा," लेक म्हणाली.

सोमवारी सर खुर्चीत बसले. त्यांना आपले बूट दिसले. इंजेक्शन टोचून, कापसाचा बोळा लावून, नळी अडकवून लेक म्हणाली, "आता चढू दे." आणि सवयीनं बाहेर डोकावून ओरडली, "मावशी, सोबतीला पाठव कुणालातरी!"

शिंपी आत आला. त्यानं स्टूल पुढे ओढलं, अगदी सर ओढायचे तसं. त्याच्यामागून सलूनवाला आणि पीटीच्या बाई येऊन दाराला टेकले.

"सर, घाबरू नका," शिंपी म्हणाला. "हवापाण्याचंच बोलतो. तर तो संशय घेणारा माणूस. भिंतीवर संशय, हातावर संशय. शेवटी त्याला एक गोष्ट सापडली, जिच्यावर संशय घेता येईना."

सरांनी डोळे मिटले. निदान एवढं तरी पोचलं होतं.

"ती म्हणजे कळ," शिंपी म्हणाला.

सरांनी डोळे उघडले.

"कळ हो. ठणका. बाकी सगळं खोटं असेल, पण नसेला ड्रिल लागलं की जी जाते ती खोटी कशी असेल? म्हणून ज्याचं दुखतं तो आहे, ज्याचं दुखत नाही त्याचं काही सांगता येत नाही. सर, तुमचं दुखतंय ना? मग तुम्ही आहात. अभिनंदन."

"आँ!" सर म्हणाले. "आँ! आँ!"

"पटलं त्यांना," पीटीच्या बाई म्हणाल्या.

"हे खालच्यांचं झालं," सलूनवाला म्हणाला. "आमच्याकडे सत्य म्हणजे वर असतो तो गोल दिवा. त्याला लोखंडी दांडा असतो. त्याच्याकडे थेट बघायचं नाही, डोळे मिटायचे. सत्य फिरवता येतं, पण ते काम डॉक्टरांचं."

"आणि सगळं वाहतं," पीटीच्या बाई म्हणाल्या. दोन्ही गालांतल्या टॉफ्या अखेर कामी येऊन मागच्याच आठवड्यात त्यांना एक छोटीशी कीड लाभली होती. "म्हणून मधूनमधून थुंकायचं."

सरांच्या डोळ्यांपुढून मागचे कितीतरी महिने सरकले. ड्रिल लागलं त्या क्षणी ते काय सांगत होते, दिवा वळवला त्या क्षणी काय सांगत होते, ते त्यांना एकेक आठवू लागलं. माणसाचे सगळे गहन विचार गावात पोचले होते, पण प्रत्येकाला शेवटी कुठलंतरी हत्यार चिकटलं होतं. आणि या सगळ्यावर बोलायला त्यांच्याकडे एक कापसाचा बोळा होता.

त्यांनी नळी ओढून काढली. बोळा थुंकला. अर्धं तोंड झोपलेलं होतं, उरलेल्या अर्ध्यानं त्यांनी शिंप्याकडे बोट रोखलं आणि शब्द वाकडा आला, पण आला.

"कशावरून?"

शिंपी चपापला. आजवर त्याला 'कधी देणार' आणि 'घट्ट का झाला' एवढंच विचारलं गेलं होतं.

"म्हणजे? तुम्हीच सांगितलंत की."

"मी कळ सांगितली नाही, विचार सांगितला. आणि सांगितलं असतं तरी! मी सांगितलं म्हणून खरं?"

शिंप्यानं सलूनवाल्याकडे पाहिलं. सलूनवाल्यानं वर दिव्याकडे पाहिलं. तिथून काही मदत नव्हती. शिंप्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. त्याचं तोंड मिटलं होतं, हे फक्त लेकीच्या लक्षात आलं.

"थांबा हं, सर," तो सावकाश म्हणाला. "तुम्ही सांगितलं म्हणून खरं नाही म्हणता. बरं. मग ते पाणी आणि हवा, ते चांगलं वागणं, ते सगळंसुद्धा तुम्हीच सांगितलंत. ते तरी खरं कशावरून?"

दाराला टेकलेली दोघं पुढे सरकली.

सरांनी तोंड उघडलं. या एका शब्दासाठी त्यांनी उत्तरं किती वर्षं तयार ठेवली होती! सगळी घासूनपुसून, ओळीनं, खिडकीतल्या जबड्यांसारखी. त्यांनी पहिलं उचललं, ते शिंप्याच्या प्रश्नापुढे धरून पाहिलं आणि खाली ठेवलं. दुसरं उचललं. तेही ठेवलं. तोंड उघडंच राहिलं.

"छान," लेक म्हणाली. "असंच ठेवा." आणि तिनं ड्रिल सुरू केलं.

दाढ भरून होईपर्यंत शिंपी स्टुलावरून हलला नाही. चूळ भरून झाल्यावर सर त्याला म्हणाले, "मला विचार करावा लागेल."

"करा की. घाई नाही. शर्ट उद्या देतो."

"उद्या मिळेल हे—" सर म्हणाले आणि थांबले. "बरं. उद्या."

गाल हातात धरून सर घरी आले. काकू स्वयंपाकघरात पातेलं धुवत होत्या. सर दारात उभे राहिले. त्यांना पुष्कळ सांगायचं होतं, पण कुठून सुरू करावं कळेना. चेहऱ्याची एक बाजू हसत होती. दुसरी झोपली होती.

काकूंनी मागे वळून न बघताच सांगितलं, "दूध नासलंय."

सरांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि परत चपला घालू लागले.

काकूंनी नळ बंद केला. हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय हो," त्या म्हणाल्या, "बरं नाही वाटत का?"

"इंजेक्शन दिलंय," सर अर्ध्या तोंडानं म्हणाले. "किती आणू, अर्धा लिटर?"

"एक आणा," काकू म्हणाल्या. आणि ते जिना उतरून गेल्यावर त्यांनी लेकीला फोन लावून विचारलं, ते इंजेक्शन उतरतं कधी, आणि परत कधी घेता येतं.